तिसऱ्या पिशवीतले मोजे

रेज हेस्कथनं तीस वर्षं कार्लाइलमध्ये टपाल वाटलं.
एकही पाकीट ओलं पोचू दिलं नाही
असं तो सांगतो, आणि त्याची बायको
कपाआड हसते.
निघायच्या आदल्या रात्री गॅरेजात बसवून
त्यानंच मला शिकवलं:
वॉटरप्रूफ असं काही नसतं गं.
किती वेळ टिकेल, एवढंच असतं.
पावसाला घाई नाही. तो शिवण शोधतो,
शिवण नसली तर झिप,
झिप नसली तर तुझा आळस.

म्हणून पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी.
बाहेरची जाड, राडारोडा भरतात तसली,
मधली काळी, कचऱ्याची,
आतली पावाची, कोपऱ्यात अजून चुरा असलेली.
प्रत्येकीवर गुडघा देऊन हवा काढायची,
तोंड तीनदा दुमडायचं.
चौथ्यांदा दुमडलंस तर घाबरलीस म्हणायचं.

आत काय, ते त्यानं विचारलं नाही.
पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या
आणि लोकरी मोज्यांचा एक जोड.
एकच.

लॉक लोमंडपर्यंत पाऊस नुसता सोबत होता.
क्रियनलारिकनंतर आत आला:
मानेतून पाठीवर, बाह्यांतून कोपरापर्यंत,
हातमोज्यांत तर तळीच.
ट्रकनं उडवलेलं पाणी खालून वर जातं,
हे रेजच्या टपालात बसलं नव्हतं.
टाकीवरच्या बॅगेत नकाशाची लापशी झाली,
स्कॉटलंडचा पश्चिम किनारा बोटाला लागून आला.

टिंड्रमच्या पंपावर, छपराखाली, एक पोरगा.
एकोणीस असेल. बारकी गाडी, एकशे पंचवीसची,
मागे शिकाऊचं लाल अक्षर.
अनवाणी उभा राहून मोजे पिळत होता,
पायांची बोटं निळसर, सुरकुतलेली,
रात्रभर भिजत घातलेल्या वालांसारखी.
मालेगला चाललोय, म्हणाला,
मासेमारीच्या बोटीवर काम लागलंय, उद्या सहाला.
मग, जरा लाजत:
तुमच्याकडे काही कोरडं आहे का? काहीही.

मी म्हटलं, सगळंच भिजलंय रे.

आणि हात माझा आपोआप
पिशवीच्या दुमडीवर गेला,
नीट बसलीय ना बघायला.

त्यानं ते पाहिलं की नाही, माहीत नाही.
मी मात्र बोलत सुटले.
गुडघा, हवा, तीन घड्या,
शिवण, झिप, आळस, सगळं सांगितलं.
तो मान डोलवत ऐकत होता,
एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.
लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण:
शाळेत फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं मी.
त्यातला पाषाण तेवढा कळला होता तेव्हा.
कोरडे आज कळलं.

ग्लेन्कोचे डोंगर दिसले नाहीत.
होते म्हणतात.
बालाहुलिशला दहा मिनिटं थांबले.
तोही ह्याच रस्त्यानं येणार होता, मागून, हळू.
चेन बघायला थांबले, असं मी मलाच सांगितलं
आणि चेन बघितलीसुद्धा.

उल्लापूलला पोचले तेव्हा रात्रीचे नऊ.
अर्कर्टबाईंनी दारातच टब ठेवला होता,
जॅकेट, पँट, बूट, सगळं त्यात.
काही वाचलं का? त्यांनी विचारलं.
मी पिशवी वर धरली.
वा, म्हणाल्या, तुम्हाला जमतं हे.

राडारोड्याची उघडली. ओली.
काळी उघडली. दमट.
पावाची उघडली, आणि आत
कार्लाइलच्या कपाटातला कापूर,
घडीसकट.
घातले. ऊब आली.
खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

रात्री केव्हातरी धक्क्याकडून
बारक्या इंजिनाचा आवाज आला.
मालेग इथून कुठल्या कुठे, हे ठाऊक असून
उठून पडदा सारला.
उभ्या फेरीचा जनरेटर होता.
पाऊस थांबला होता, किंवा मला दिसत नव्हता.

मोजे काढून हीटरवर वाळत घातले.
कोरडेच होते.